भिंतीवरची डिझेलची रेघ

माझा घात झाला, असं मी गेली काही वर्षं लोकांना सांगत आलो. कंत्राटदाराने दगा दिला, मालकाने दिला, वरून कंपनीनेही दिला. सांगताना मी एकेक बोट दुमडत जायचो आणि ऐकणारा मान हलवायचा. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण पहिलं बोट माझं होतं, आणि ते मी कधी दुमडलं नाही.

मी इचोड्याजवळच्या एका पेट्रोल पंपाचा मॅनेजर आहे. पंप हायवेवर, हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागून. मालक हैदराबादेत राहतात, महिन्यातून एकदा येतात. बाकी सगळं मीच पाहतो. मोठ्या ट्रकांची मला कधी फिकीर नव्हती. ते आज इथे तर उद्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात, जिथे दोन रुपये कमी तिथे. आमचा पंप जगला तो जीपांवर. इचोड्याहून डोंगरातल्या गावांकडे माणसं नेणाऱ्या अठरा जीपा. बाजारच्या दिवशी आत आठ अन् मागे लटकलेले पाच. आदिलाबादच्या दवाखान्याला, तहसील कचेरीला, लग्नाला, सगळीकडे त्याच जायच्या.

या अठरा जीपवाल्यांचा म्होरक्या माझा शाळेपासूनचा दोस्त. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी बारावी होऊन पंपावर लागलो, तो नववीतून उठून स्टिअरिंगवर बसला. त्याच्या बोलण्यात नेहमी थोडा वाकडेपणा असायचा, पण शब्द दिला की तो पाळणारा माणूस.

लॉकडाऊनच्या दिवसांत रस्ता ओस पडला होता. पंप अत्यावश्यक म्हणून उघडा, पण येणार कोण? टीव्हीवर बातमी आली की परदेशात तेल घेणाराच कोणी उरला नाही, भाव शून्याच्याही खाली गेला. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जीपवाले तोंडाला रुमाल बांधून पंपावर हजर.

"मॅनेजर साब, तिकडं तेल घ्या अन् वरून पैसे बी घ्या म्हनून राह्यले. मंग आमच्या गाडीत काऊन नाई टाकत?"

मी त्यांना समजावलं. भाव उतरला तसा त्यावरचा कर चढला, म्हणून पंपावरचा आकडा हलत नाही. दोस्त कडुनिंबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "म्हंजे चढते तवा आपलं, उतरते तवा त्याईचं. बरं हाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या हसण्यात फसवलं गेल्याची भावना होती, आणि फसवणाऱ्याचा चेहरा म्हणून त्यांच्यापुढे मीच उभा होतो. कर लावणारे दिल्ली-हैदराबादेत, तेल काढणारे समुद्रापार. शिव्या खायला पंपाचा मॅनेजर.

संशयही असायचा. उद्या भाव वाढणार अशी कुणकुण लागली की काही पंपवाले नोझलला दोरी बांधून 'स्टॉक नाही' अशी पाटी लावतात. टाकीत डिझेल असतं, पण ते उद्याच्या भावाने विकायचं असतं. आम्ही तसं करत नव्हतो, पण कोण विश्वास ठेवणार? टाकी जमिनीखाली. आत काय आहे ते फक्त मला माहीत.

म्हणून मी एक रीत सुरू केली. रोज सकाळी पंपावर डिप घेतात. म्हणजे पितळेची एक लांब दांडी टाकीत तळापर्यंत सोडायची आणि वर काढून ती कुठपर्यंत ओली झाली ते पाहायचं. तेवढी उंची डिझेलची. मी ती दांडी तशीच ऑफिसच्या पांढऱ्या भिंतीला लावून उभी करू लागलो, आणि ओल जिथे संपते तिथे भिंतीवर निळ्या खडूने आडवी रेघ. जमिनीखाली जेवढं डिझेल, तेवढी भिंतीवर उंची. कोणीही यावं, शेजारी उभं राहून पाहावं.

लोकांना ते इतकं आवडलं की हिशेब लिटरचा राहिलाच नाही. जीपवाले एकमेकांना फोनवर विचारायचे, "आज किती हाय?" आणि उत्तर यायचं, "बेंबीपर्यंत." कधी छातीपर्यंत, कधी मांडीपर्यंत. एकदा जीपमधून उतरलेली एक म्हातारी रेघेशेजारी उभी राहिली, तर रेघ तिच्या डोक्यावर. "बाप्पा," ती म्हणाली, "मी तं बुडलीच याच्यात."

तळाचं चार-पाच बोटं डिझेल मशीन ओढत नाही. म्हणून रेघ घोट्याजवळ आली की पंप बंद, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्यावर कोणी वाद घालत नसे. रेघ दाखवली की गाडी मुकाट्याने वळायची.

लॉकडाऊन उठलं आणि दोन किलोमीटरवर एका खाजगी कंपनीचा नवा पंप सुरू झाला. लिटरमागे दोन रुपये कमी, वर ड्रायव्हरला चहा फुकट. ट्रक तिकडे वळले. मला वाटलं, आता जीपाही गेल्या. दोस्त संध्याकाळी एकटाच आला.

"तुझा भाव त्यायच्याएवढा होते काय?"

"माझ्या हातात नाही रे."

"मालूम हाय." त्याने नव्या पंपाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "नवा मानूस हाय. आज दोन रुपये सोडते, उद्या दुकानच बंद करून जाते. आमी तुह्याकडंच भरतो. अठराच्या अठरा. पन एक गोष्ट. तंगी आली तं पयले आमाले."

"पहिले तुम्हाला. शब्द."

"मोठाले देश करते तसा करार झाला हा," तो म्हणाला. मी सही कुठे करू, असं गमतीने विचारलं. "चहा पेलो ना? झाली सही."

दोन वर्षं ते अठराजण लिटरमागे दोन रुपये जास्त देऊन माझ्याकडे भरत राहिले. दिवसाला दोन फेऱ्या करणाऱ्या माणसाला ते किती जड, हे मला कळत होतं. ते माझ्यासाठी करतात असं मी समजत नव्हतो, ते शब्दासाठी करत होते. पण घरी मी बायकोला सांगायचो, माझ्या वागण्यामुळे पंप टिकला.

मग तिकडे युरोपात लढाई पेटली. तेलाचे भाव भडकले. चहाच्या वेळी जीपवाल्यांत तीच चर्चा. कोणी कोणाचं तेल बंद केलं, कोण चोरून घेतोय, कोण उघड घेतोय. आपला देशही त्या लढणाऱ्या देशाकडून स्वस्तात तेल घेऊ लागल्याचं टीव्हीवर सांगत होते.

एक तरुण ड्रायव्हर म्हणाला, "जुने दोस्त तोंड पाहत राह्यले. हे बराबर हाय काय?"

"देशाईले चालते गड्या," दोस्त म्हणाला. "देशाले कोनाच्या घरी जेवाले जायचं नसते."

त्या वेळी पंपावरचा भाव बांधून ठेवलेला होता, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. बाहेर तेल महाग, पंपावर स्वस्त. खाजगी पंपाला ते परवडेना, दोस्ताने सांगितलं होतं तसं त्याने शटर ओढलं. आम्हाला तेल पुरवणाऱ्या सरकारी कंपनीचे टँकरही आठवड्याला चाराऐवजी दोन येऊ लागले. आणि मोठी गिऱ्हाइकं, जी एरवी कंपनीकडून थेट टँकरने डिझेल घेतात, त्यांचा भाव मात्र मोकळा सोडलेला. त्यांना ते पंपापेक्षा पुष्कळ महाग पडू लागलं. साहजिक ती सगळी पंपांकडे धावली.

आमच्याकडे आला तो रस्त्याचं काम करणारा कंत्राटदार. त्याची खोदाईची यंत्रं, डंपर, रोलर. तो माझ्याशी नाही, थेट मालकांशी बोलला. मालकांचा फोन आला. ते माझ्याशी हिंदीत बोलतात.

"देखो, दो साल का काम है उसका. सारा डीझल हमसे लेगा. अभी जितना माल है, उसको दो. जीप का क्या है, दस-दस लीटर."

मी म्हटलं, जीपवाल्यांना शब्द दिलाय.

"किसने दिया? मैंने?" आणि मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसं ते म्हणाले की निर्मल शहराकडे दुसरा पंप घ्यायचा विचार आहे, दोन्ही पंप तुझ्याच हाताखाली राहतील.

मला कोणी धमकावलं नाही. नोकरीवरून काढतो असं कोणी म्हटलं नाही. अठरा जीपांचं दिवसाचं डिझेल कंत्राटदाराच्या दोन यंत्रांनाही पुरलं नसतं. तेवढं बाजूला ठेवतो, असं मी म्हणू शकलो असतो, आणि मला वाटतं मालक हो म्हणाले असते. मी विचारलंच नाही. दोन पंपांचा मॅनेजर, एवढंच डोक्यात बसलं होतं. जीपांना दिलं तर ट्रॅक्टरवाले येतील, ट्रक येतील, कोणाला नाही म्हणणार? त्यापेक्षा सगळ्यांना बंद. असं मी मनाला सांगितलं आणि मनाने ऐकलं.

पण भिंत होती. सकाळी लोक तिथेच पाहणार.

त्या दिवशी डिप घेतली तेव्हा दांडी माझ्या कमरेपर्यंत ओली होती. मी ती भिंतीला लावली नाही. मागच्या खोलीत, पिण्याच्या पाण्याच्या रांजणाशेजारी टेकवून ठेवली. मग खडू घेऊन भिंतीपाशी वाकलो आणि घोट्याएवढ्या उंचीवर रेघ मारली. इतकं खाली वाकल्याचं मला अजून आठवतं, कारण पाठीत उसण भरल्यासारखं झालं.

जीपा आल्या. रेघ पाहिली. वळल्या. दुपारी त्या डोंगरात असताना कंत्राटदाराची गाडी मागच्या फाटकातून येऊन भरून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टँकर आला, तरी रेघ घोट्यालाच. टँकरमध्ये फक्त पेट्रोल होतं, असं मी सांगितलं. जीपवाले आदिलाबादेपर्यंत जाऊन तिथल्या रांगेत उभे राहत, त्यात एक फेरी जायची. काहींनी गाड्या दारात उभ्या करून ठेवल्या.

चौथ्या सकाळी तो तरुण ड्रायव्हर भडकला. काल दुपारी त्याने मागच्या फाटकातून गाडी निघताना पाहिली होती.

"मागून भरून देऊन राह्यले हे लोक! आमाले येडं समजते!"

दोन-चार जण त्याच्याजवळ सरकले. तेवढ्यात दोस्त मध्ये आला.

"ए, चूप बस. ते गाडी पेट्रोलाची असन, नाई तं रिकामी असन. रेघ पाह्य ना. दोन वर्सं पाह्यली, कदी खोटी निंगाली काय? हा मानूस माह्या बाकावर बसलेला हाय."

तो ड्रायव्हर पुटपुटत मागे गेला. दोस्त माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या नातीले बासरले नेतो. अक्षराभ्यास हाय तिचा. गल्लीतले तीन पोरं बी हाय संगं, सगळ्याईच्या घरी सांगून ठेवलं. भेटन काय जाण्यापुरतं? पैसे देऊन बारा लिटर. नसन तं नाई म्हन."

सरस्वतीच्या देवळात पोराच्या हाताला धरून पाटीवर पहिलं अक्षर काढतात. आमच्याकडे ते बासरलाच करायचं. माझ्या दोन्ही मुलांचं मी तिथेच केलं, आणि दोन्ही वेळा याच्याच जीपमधून गेलो होतो. त्याने पैसे घेतले नव्हते.

मी भिंतीकडे बोट केलं. तोंडाने काही बोललो नाही. त्या वेळी मला वाटलं होतं की न बोलल्याने खोटं थोडं कमी होतं.

"राह्यू दे," तो म्हणाला. "नसन तं तू कुठून आनशीन." आणि पाणी प्यायला मागच्या खोलीत गेला.

तो आत शिरल्यावर मला दांडी आठवली.

मी मागोमाग गेलो, पण दारातच थांबलो. तो पेला हातात घेऊन उभा होता. समोर पितळेची दांडी, तासाभरापूर्वी टाकीतून काढलेली. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. डिझेल राहतं. दांडीवर ते कमरेच्याही वरपर्यंत चमकत होतं, आणि खाली फरशीवर त्याचा गोल डाग.

त्याने पेला रांजणावर पालथा ठेवला. खुंटीवरचं फडकं घेतलं. दांडी वरून खाली, सावकाश, नीट पुसली. मग ती कोपऱ्यात उभी केली आणि माझ्या शेजारून बाहेर गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावू शकलो असतो, इतक्या जवळून गेला.

मला वाटलं, आता तो सगळ्यांना सांगणार. पंपावर दगड पडणार. मी दाराला धरून उभा राहिलो. बाहेर त्याचा आवाज आला, "चला रे. आज नाई हाय." आणि आलेल्या सगळ्या जीपा एकामागे एक बाहेर पडल्या.

त्याने दांडी का पुसली, यावर मी खूप विचार केला आहे. दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून असेल. माझ्यासाठी नव्हे. थोड्या वेळापूर्वी त्याने माझ्यासाठी चारचौघांत ग्वाही दिली होती, ती त्याला खोटी पडू द्यायची नव्हती. मला एवढंच कळलं की त्याने शिवी दिली असती तर मी तिला उत्तर शोधलं असतं.

दुसऱ्या दिवशी एकही जीप आली नाही. त्यानंतरही नाही. नातीला घेऊन तो बसने बासरला गेला, निर्मलला गाडी बदलून, हे मला दुसऱ्यांकडून समजलं. बाकीची तीन पोरं राहिली.

पुढचं तर मी सगळ्यांना सांगतच आलोय. भाव खाली आले, मोठ्या गिऱ्हाइकांचं डिझेल पुन्हा स्वस्त झालं आणि दोन वर्षांचं काम असलेला कंत्राटदार चार महिन्यांत निघून गेला, फोनसुद्धा उचलेना. मी मालकांना म्हटलं, त्याने शब्द दिला होता. ते म्हणाले, "धंदे में ऐसा होता है." निर्मलकडचा पंप त्यांनी घेतला आणि भाच्याच्या हाती दिला. खाजगी पंप पुन्हा उघडला, जीपा तिकडे जाऊ लागल्या. त्या कायमच्या आल्या असं दिसल्यावर तिथली सूटही बंद झाली, चहाही. तरी त्या तिथेच जात राहिल्या. मी हे सगळं बोटं दुमडत सांगायचो. लोक म्हणायचे, तुझ्यासारख्या सरळ माणसाच्या नशिबी हेच.

रेघ मी पुन्हा मारू लागलो. खरी. रोज सकाळी दांडी भिंतीला लावून. ट्रकवाल्यांना ती कशाची ते ठाऊक नाही. कोणीतरी एकदा विचारलं, पुराचं पाणी इथपर्यंत आलं होतं का?

आता पुन्हा आखाताकडे तणाव असल्याच्या बातम्या आहेत. कोणाची जहाजं अडली, कोण कोणाच्या बाजूला गेला, टीव्हीवर रोज बदलतं. गेल्या महिन्यात खाजगी पंप पुन्हा बंद पडला, नोझलला दोरी लागली. दोन दिवस मी रस्त्याकडे पाहत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोस्ताची जीप आत वळली. आत माणसं दाटीने बसलेली. त्याचे केस पांढरे झालेत. माझेही.

भिंतीवर रेघ छातीपर्यंत होती. ताजी. तो तिच्यासमोरून चालत आला आणि तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"दांडी दाव," तो म्हणाला.

मी दांडी आणली. टाकीचं झाकण उघडलं, त्याच्यासमोर सोडली, तळाला टेकल्याचा आवाज होऊ दिला, वर काढली. त्याने वाकून ओल पाहिली, बोट लावून हुंगलं, मग म्हणाला, "पंधरा लिटर."

मी स्वतः नोझल धरलं. मीटरवर शून्य दाखवलं. डिझेल पडत असताना मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"टाक टाक, पब्लिक बसून हाय."

मी मीटरचे आकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, "नात कोणत्या वर्गात आहे?"

"दुसरीत गेली. पाटीवर रेघा मारते." त्याने टोपण लावून घेतलं. "सरळ मारते."

आत बसलेल्यांपैकी कोणालाच काही कळलं नाही. तो पैसे देऊन स्टिअरिंगवर बसला आणि गेला.

तेव्हापासून तो येतो. बाकीच्यांपैकीही सहा-सात येतात. ते रेघ पाहून भरतात, हसून बोलतात, त्यांना आजही काही माहीत नाही. तो मात्र दर वेळी दांडी मागतो. रांग असली, मागचे हॉर्न वाजवत असले, तरी. मी झाकण उघडतो, दांडी सोडतो, काढून त्याच्या हातात देतो. तो पाहतो आणि ओलीच परत करतो. पुसायची मला असते.